हेल्मेटवर सगळं खापर फोडण्याआधी

गेल्या एपिसोडमध्ये सायकलींचा विषय निघाला तेव्हा मी एक वाक्य ठोकून दिलं: "ऑस्ट्रेलियात भाड्याच्या सायकली चालल्या नाहीत, कारण हेल्मेटसक्ती." समोरून "अच्छा!" आलं आणि आम्ही पुढे गेलो. नंतर एडिटिंगच्या वेळी ऐकताना तो "कारण" मला टोचला. एखाद्या विद्यार्थ्याने हेच वाक्य निबंधात लिहिलं असतं तर मी समासात "कशावरून?" असं लिहून गुण कापले असते. माझे कापायला कोणी नव्हतं, म्हणून हा लेख.

तुमच्यापैकी जे मेलबर्न-सिडनीकडे आहेत त्यांना कायदा माहीत आहे. जे ॲमस्टरडॅम किंवा म्युनिकमध्ये बसून वाचताय त्यांना तो अजब वाटेल. ऑस्ट्रेलियात सायकलवर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला, मग तो सात वर्षांचा असो की सत्तरीचा, हेल्मेट घालावंच लागतं. व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून हा कायदा लागू केला, जगात सगळ्यात आधी. न्यू साउथ वेल्सने, म्हणजे आमच्या पॅरामॅट्याच्या राज्याने, १ जानेवारी १९९१ पासून मोठ्यांना आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून मुलांना तो लावला. १९९२ पर्यंत सगळा देश या कायद्याखाली आला. १९९४ मध्ये न्यूझीलंडने तीच री ओढली. बाकी जगाने बघितलं आणि बहुतेकांनी फक्त मुलांपुरता नियम केला, किंवा काहीच केलं नाही.

आमच्याकडचा दंड २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत ७१ डॉलर होता. १ मार्च २०१६ ला तो एका फटक्यात ३१९ डॉलर झाला, आणि आता त्याच्याही वर गेलाय. हा आकडा कोरडा वाटत असेल तर संध्याकाळी हॅरिस पार्कच्या विग्रम स्ट्रीटवर येऊन उभे राहा. डोशाच्या आणि चाटच्या दुकानांसमोर पाठीवर चौकोनी पिशव्या लावलेली मुलं सायकली टेकवून ऑर्डरची वाट बघत असतात. त्यातली बरीच विद्यार्थी व्हिसावर आहेत. पंधरवड्याला ४८ तासांच्या वर काम करायला त्यांना परवानगी नाही. त्यांच्यासाठी एक दंड म्हणजे वाटून घेतलेल्या खोलीचं आठवड्याचं भाडं गेलं. "हेल्मेट घाला की मग, कोणी अडवलंय?" हे उत्तर मलाही सुचतं. ते चुकीचं नाही, पण पुरेसं आहे का, ते पुढे बघू.

आधी एक अडसर दूर करते. "हेल्मेटसक्ती" म्हटलं की आपल्या डोक्यात आपोआप पुणं येतं. २०१९ च्या १ जानेवारीपासून पुणे पोलिसांनी कारवाई कडक केली, हेल्मेटविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली, आणि पुणेकरांवर आणखी दोन वर्षं पुरतील इतके विनोद तयार झाले. पण ती भानगड स्कूटर-मोटारसायकलची होती. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलपुरतं आहे, पायडल मारायच्या सायकलला ते लागत नाही. साठच्या वेगाने जाणारी ॲक्टिव्हा आणि पंधराच्या वेगाने जाणारी सायकल यांना एकाच तराजूत घातलं की वाद सुरू व्हायच्या आधीच संपतो. घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर हा विषय निघाला तेव्हा माझ्या बाबांनी तो दोन मिनिटांत असाच संपवला होता: "हेल्मेट चांगलंच असतं. विषय संपला."

बाबांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. हेल्मेट डोकं वाचवतं, यात आता भांडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. सिडनीच्याच न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जेक ऑलिव्हिए आणि त्यांच्या सहकारी प्रूडन्स क्रायटन यांनी ४० अभ्यास एकत्र करून ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता साधारण निम्म्याने कमी, आणि गंभीर इजेची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी निघाली. आकडे भक्कम आहेत. पण ते कोणाचे आहेत, हे नीट बघा. हे सगळे लोक सायकलवरून *पडलेले* आहेत. म्हणजे प्रश्न असा होता: अपघात झालाच, तर टोपी घातलेला बरा की न घातलेला? त्याचं उत्तर मिळालं. "टोपीची सक्ती केली तर समाजाचं एकूण भलं होईल का?" हा प्रश्न वेगळा आहे. त्यात ज्यांनी सायकल गॅरेजमध्ये टांगून ठेवली आणि गाडीची किल्ली उचलली त्यांचाही हिशोब धरावा लागतो. ती माणसं हॉस्पिटलच्या नोंदीत कधीच सापडत नाहीत.

त्या न दिसणाऱ्या माणसांना मोजायचा प्रयत्न आर्मिडेलच्या डोरोथी रॉबिन्सन यांनी १९९६ मध्ये केला. कायद्याच्या आधी आणि नंतर रस्त्यांवर झालेल्या सायकलींच्या मोजण्या त्यांनी समोर मांडल्या. न्यू साउथ वेल्समध्ये मुलांची मोजणी पहिल्या वर्षी ३६ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ४४ टक्क्यांनी खाली आली होती. हा आकडा जगभर फिरला. हेल्मेटसक्तीच्या विरोधातली कुठलीही चर्चा काढा, दहा मिनिटांत तो येतो. मोजणीचा दिवस ढगाळ होता का, मोजणीची ठिकाणं तीच होती का, असे प्रश्न त्यावर विचारले गेले, आणि ते रास्त आहेत. त्याच काळात देशात मंदी होती. व्हिक्टोरियाने वेगाच्या कॅमेऱ्यांची मोहीमही तेव्हाच काढली होती. एवढ्या गोष्टी एकदम बदलत असताना एका टोपीचा परिणाम वेगळा काढणं अवघड आहे.

दोन्ही बाजूंनी घाई केलेली आहे, हेही सांगायला हवं. डोक्याच्या आणि हाताच्या जखमांचं प्रमाण ताडून "कायद्याचा फारसा उपयोग झाला नाही" असं सांगणारा सिडनीतला एक निबंध २०१० मध्ये आला, आणि आकड्यांतल्या चुकांमुळे तो मागे घ्यावा लागला. दुसरीकडे इंग्लंडमध्ये इयन वॉकर यांनी स्वतः सायकल चालवून गाड्या किती अंतरावरून जातात ते मोजलं. हेल्मेट घातल्यावर गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या, असं त्यांनी २००७ मध्ये लिहिलं. (प्रयोग करताना त्यांना दोनदा धडक बसली, दोन्ही वेळा हेल्मेट होतं. बिचारे.) ऑलिव्हिए यांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि म्हणाले, गाडी दीड मीटरवरून गेली की एक मीटर चाळीसवरून, त्याने काय बिघडतं? धोका एक मीटरच्या आत आहे, आणि तिथे फरक दिसत नाही. वॉकर यांनी त्यालाही उत्तर दिलं. हे भांडण अजून चालू आहे. संशोधक म्हणून मला ते मनोरंजक वाटतं. सायकलवर असताना अजिबात नाही.

माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात कमी लक्ष दिला गेलेला आणि सगळ्यात कामाचा पुरावा भाड्याच्या सायकलींचा आहे. मात्र तो एका मर्यादेतच कामाचा आहे, आणि एपिसोडमध्ये मी ती मर्यादा ओलांडली.

विचार करा. ज्याची स्वतःची सायकल आहे त्याचं हेल्मेट सायकलच्या शेजारीच टांगलेलं असतं. सायकल काढताना ते हाताला येतं. त्याच्यासाठी कायदा म्हणजे थोडी कटकट आणि घामाने चिकटलेले केस. भाड्याच्या सायकलची सगळी मजाच वेगळी आहे. तुम्ही पॅरामॅट्याहून फेरीने सर्क्युलर कीला उतरलात, हवा छान आहे, पुढचा दीड किलोमीटर बसऐवजी सायकलने जावं असं वाटलं. हे "वाटलं" हाच त्या योजनेचा प्राण. सकाळी घरातून निघताना असं वाटेल म्हणून पिशवीत हेल्मेट टाकून कोण निघतं? ते धड घडी होत नाही, लॅपटॉपच्या बॅगेत मावत नाही, बाहेर लटकवलं तर ट्रेनमध्ये शेजारच्याच्या बरगडीत जातं.

आता २०१० मध्ये चला. मेलबर्नमध्ये निळ्या सायकलींची योजना सुरू झाली: ६०० सायकली, ५० स्टँड. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिस्बेनमध्ये सिटीसायकल आली, २,००० सायकली आणि १५० स्टँडचा बेत घेऊन. त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २००९ मध्ये, आयर्लंडमध्ये डब्लिनने ४५० सायकली आणि ४० स्टँड उभे केले होते. डब्लिन आणि ब्रिस्बेन या दोन्ही योजना जेसीडीको या एकाच जाहिरात कंपनीच्या. धंद्याचं गणितही तेच: रस्त्यावर जाहिरातीच्या जागा घ्या, बदल्यात सायकली चालवा. डब्लिनने वर्ष पुरं व्हायच्या आत दहा लाख फेऱ्या ओलांडल्या. भागाकार केला तर दर सायकलमागे दिवसाला सहाच्या आसपास फेऱ्या येतात. मेलबर्न आणि ब्रिस्बेनमध्ये दर सायकलमागे दिवसाला एक फेरीसुद्धा पडत नव्हती.

सहा आणि एकपेक्षाही कमी. हा फरक बघून कोणीही म्हणेल, लागला निकाल. मीही तेच म्हटलं होतं.

पण डब्लिनच्या आणि ब्रिस्बेनच्या नकाशांवर बोट फिरवा. डब्लिनचा मध्यभाग आटोपशीर आणि सपाट. ब्रिस्बेन डोंगरउताराचं, उन्हाळ्यात घाम काढणारं, आणि तिथे गाडी असणं हे चपला असण्याइतकं साधं. शिवाय सुरुवातीला सिटीसायकल रात्री दहा ते पहाटे पाच बंद असायची. म्हणजे पबमधून घरी जाणारा, उशिराची शिफ्ट संपवणारा, असा हमखास गिऱ्हाईक आधीच वजा. मेलबर्नच्या ५० स्टँडांतले बहुतेक शहराच्या मध्यभागी होते, जिथे ट्राम दर काही मिनिटांनी येते. एलियट फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन शहरांत लोकांना विचारलं, तर हेल्मेटची अडचण ठळकपणे आली. त्याबरोबर "गाडीच सोयीची पडते" आणि "घराजवळ स्टँडच नाही" हीही उत्तरं आली. नाव नोंदवायची कटकट आली, रस्त्यावरची भीती आली. हेल्मेट आरोपींच्या यादीत नक्की आहे, पण पिंजऱ्यात ते एकटं नाही.

हे उलट्या बाजूनेही तपासता येतं, कारण आयोजक काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. मेलबर्नमध्ये सरकारी अनुदानातून पाच डॉलरची हेल्मेटं सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत ठेवली. पुढे दोन्ही शहरांत सायकलींवरच फुकटची हेल्मेटं लटकवली. हेल्मेट हाच एकमेव अडथळा असता तर इथे आलेख उसळायला हवा होता. वापर वाढला, पण दुसऱ्या शहरांच्या जवळपासही गेला नाही. आता फुकट हेल्मेट म्हणजे अडथळा गेला असं मानायचं का? माझ्या मैत्रिणी नाक मुरडतात. कोणी घातलेलं, कोणाच्या घामाचं, रात्रभर पावसात भिजलेलं. माझ्यासारखा अंबाडा असेल तर ते मागून बसतच नाही. शिवाय त्याच्या आतला फोम थर्माकोलच्या जातीचा असतो, एकदा जोरात आपटला की त्याचं काम संपलं. बाहेरून काही कळत नाही. कालच्या माणसाने ते पदपथावर आपटलं होतं की नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? मेलबर्नची योजना नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, ब्रिस्बेनची २०२१ मध्ये.

सिएटलची गोष्ट थोडक्यात सांगते. हेल्मेटसक्ती, ऑक्टोबर २०१४ मध्ये योजना सुरू, स्टँडवर हेल्मेटच्या पेट्या, मार्च २०१७ अखेर कुलूप. तिथेही चढ होते, पाऊस होता आणि स्टँड कमी होते. मेक्सिको सिटीने मात्र २०१० मध्ये आपली योजना सुरू करताना सक्तीच काढून टाकली, आणि इस्रायलने २०११ मध्ये तेल अवीवच्या सायकली आल्या तेव्हा शहरातल्या मोठ्या माणसांना मोकळीक दिली. दोन्हीकडे सायकली चालल्या. भाड्याची सायकल आणि सक्ती एकत्र नांदत नाहीत, हे त्या शहरांना आधीच पटलं होतं. ऑस्ट्रेलियाने मात्र दोन्ही ठेवायचं ठरवलं.

आता माझ्या वाक्याला सगळ्यात मोठा धक्का देणारी गोष्ट, आणि ती आपल्याच घरची आहे. २०१७ च्या जुलैमध्ये सिडनीत रेडी गोच्या सायकली आल्या. त्यामागोमाग ओबाइक, ओफो, मोबाइक. स्टँड नाही, ॲपने कुलूप उघडायचं, हवी तिथे सोडून द्यायची. वर्षभरात त्या झाडांवर, नाल्यात, बंदरात दिसू लागल्या, आणि २०१८ मध्ये ओबाइक आणि ओफो इथून गेल्या. तेव्हा इथल्या चर्चेत "हेल्मेट, हेल्मेट" झालंच. नेमक्या त्याच काळात, डिसेंबर २०१७ पासून, पुण्यात औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात स्मार्ट सिटीच्या सायकली आल्या. आधी पेडल, मग ओफो, मोबाइक, युलू. नावं बघा, त्यातली दोन तीच. पुण्यात हेल्मेटचा कायदा नाही. हवा सायकलला चांगली. शहराला सायकलींचं शहर म्हणून मिरवायची हौस, महापालिकेचा मंजूर सायकल आराखडा, गल्लोगल्ली कॉलेजं. आणि तरी दोन-तीन वर्षांत त्या केशरी-पिवळ्या सायकली दिसेनाशा झाल्या. सुटे भाग चोरीला गेले, पदपथ अडले, सायकल ट्रॅक मध्येच झाडापाशी किंवा वडापावच्या गाडीपाशी संपत होते. ओफो-मोबाइकचे पैसे तर जगभरातच आटत होते.

ज्या शहरात सक्ती नव्हती तिथेही त्याच कंपन्या त्याच सुमाराला गेल्या. म्हणजे सिडनीतल्या त्या लाटेच्या मरणाचं खापर हेल्मेटवर फोडता येत नाही. तिथे पैशाचं सोंग उघडं पडलं, एवढंच. मेलबर्न-ब्रिस्बेनच्या स्टँडवाल्या योजनांबद्दल मात्र हेल्मेटचा वाटा मोठा होता, असं मी अजूनही म्हणेन. दोन वेगळे मृत्यू आहेत. मी एकाच दाखल्यावर दोघांची नावं लिहिली होती.

पण मग सक्ती राहू दे, असं म्हणायचं का? इथे गोष्ट जरा विचित्र वळण घेते.

२०१८ च्या शेवटी लाइमच्या विजेच्या सायकली सिडनीत आल्या, आणि पुढच्या काही वर्षांत, आणखी कंपन्या आल्यावर, भाड्याची सायकल इथे खऱ्या अर्थाने चालली. कायदा तोच, दंड आधीपेक्षा जास्त. मग हेल्मेटचं काय झालं? शुक्रवारी संध्याकाळी सिडनीच्या मध्यभागी एखाद्या कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा. हेल्मेट सायकलच्या पुढच्या टोपलीत असतं, किंवा हँडलला लोंबकळत असतं, किंवा नसतंच. लोकांनी कायदा रद्द करून घेतला नाही, तो बाजूला ठेवून दिला. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. लक्ष्मी रोडवरच्या "नो पार्किंग"च्या पाटीखाली उभी असलेली गाडी आठवा.

यात दोन गोष्टी मला खटकतात. पहिली तांत्रिक आहे. पायडलच्या भाड्याच्या सायकली जड आणि संथ होत्या, त्यावर पडलं तर गुडघे फुटायचे. त्यांच्यासाठी सक्ती अतिरेकी होती, आणि तेव्हा ती कडक पाळली गेली. विजेची सायकल पंचवीसच्या वेगापर्यंत मदत करते, वजनाने भारी असते, आणि चालवणारा बऱ्याचदा महिन्यातून एकदाच सायकलवर बसणारा असतो. इथे हेल्मेट घालावं असं मलाही वाटतं, आणि इथेच कोणी घालत नाही. कायद्याने चुकीच्या दशकात जोर लावला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सगळेच जो कायदा मोडतात, तो कोणावर लावायचा हे पोलिसाच्या नजरेवर ठरतं. सिएटल ज्या किंग काउंटीत आहे तिथे पत्रकारांनी आणि संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा हेल्मेटच्या दंडांपैकी जवळजवळ निम्मे बेघर लोकांना लावलेले निघाले, आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांना गोऱ्यांच्या कितीतरी पट जास्त. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथला सक्तीचा नियम रद्द झाला. रद्द करणाऱ्यांनी हेल्मेट वाईट आहे असं म्हटलं नाही, हेल्मेट घालाच असं सांगितलं. फक्त त्यासाठी पोलिसाने थांबवायला नको, एवढंच ठरवलं. विग्रम स्ट्रीटवरच्या त्या मुलांचा विचार करताना मला सिडनीच्या आलेखांपेक्षा ही गोष्ट जास्त आठवते. शुक्रवारी रात्री मजेत भटकणारा आणि रोज आठ तास रस्त्यावर असणारा, यांत कोण जास्त वेळा पोलिसासमोर येईल, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

आणि त्या मुलांना कशाने मारलं, तेही बघा. २०२० मध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर या जेमतेम दोन महिन्यांत सिडनी आणि मेलबर्न मिळून जेवण पोहोचवणारे पाच जण सायकल किंवा स्कूटरवर असताना मेले. कोणी ट्रकखाली, कोणी बसखाली, कोणी कारच्या धडकेने. राज्य सरकारने त्यानंतर एक कृती गट नेमला. बसच्या चाकाखाली हेल्मेटचा उपयोग किती, हे ते बनवणारेही सांगतील. ते काही त्यासाठी बनवलेलंच नसतं. एकटा माणूस सायकलवरून घसरून डोक्यावर पडला, अशा अपघातासाठी ते आहे. मोठ्या माणसाला या राज्यात पदपथावर सायकल चालवायला बंदी आहे, लहान मूल सोबत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ग्रेट वेस्टर्न हायवेवर ट्रकच्या शेजारून जायचं आणि डोक्यावर टोपी आहे ना म्हणून निश्चिंत राहायचं.

सायकली वाढल्या की प्रत्येकाचा धोका कमी होतो, असं पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं. रस्त्यावर सायकली दुप्पट झाल्या, तर एकेकाचा धोका साधारण एक तृतीयांशाने उतरतो. आधी रस्ते सुरक्षित झाले म्हणून सायकली वाढल्या, की सायकली वाढल्या म्हणून रस्ते सुरक्षित झाले, हा गुंता त्यात आहेच. तरीही, पॅरामॅट्यापासून थोड्या अंतरावरच्या मॅक्वारी विद्यापीठात पीट डी याँग यांनी २०१२ मध्ये मांडलेलं गणित मला पटतं. सक्तीमुळे थोडे लोकसुद्धा सायकल सोडत असतील, तर त्यांच्या व्यायामाचं नुकसान वाचलेल्या डोक्यांच्या फायद्याला बहुतेक परिस्थितींत खाऊन टाकतं. या गणितात किती जणांनी सायकल सोडली हा आकडा बाहेरून घालावा लागतो, आणि तोच तर वादाचा. सिडनीत एका पाहणीत पाचांतला एक जण म्हणाला होता, सक्ती नसती तर मी जास्त सायकल चालवली असती. मी पण म्हणते, जिम जवळ असती तर मी रोज गेले असते. जिम आता इमारतीच्या तळमजल्यावर आहे.

तुम्ही विचाराल, मग तुझं म्हणणं काय? माझं म्हणणं नॉर्दर्न टेरिटरीत १९९४ पासून कायद्यात आहे. तिथे मोठ्या माणसाला पदपथावर किंवा गाड्यांपासून वेगळ्या सायकलमार्गावर हेल्मेट नसलं तरी चालतं, गाड्यांच्या रस्त्यावर आलात की घालायचं. मुलांना सगळीकडे सक्ती. एवढ्या वर्षांत डार्विनवर आभाळ कोसळलेलं नाही. हाच नियम पॅरामॅट्यात आणून बघा. नदीच्या कडेने पॅरामॅटा पार्कपासून राइडकडे जाणारा सायकलमार्ग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड लाइट रेल सुरू झाली, आणि तिच्या जुन्या रुळांच्या टप्प्याला लागून चालायचा-सायकलचा रस्ता झाला. तिथे ट्रक येत नाही. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन चालत असतात, शनिवारी सकाळी तर हमखास दोन-तीन कुटुंबं मराठीत भांडताना ऐकू येतात. अशा ठिकाणी तासाला बारा किलोमीटरने जाणाऱ्या बाईला ३१९ डॉलरहून जास्त दंड कशासाठी, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. विजेच्या भाड्याच्या सायकलीला ही सवलत नको, हे मी मान्य करते. तिथे वेगाची मर्यादा ॲपमधूनच उतरवता येते, आणि तो भार कंपनीवर टाकावा, पोलिसावर आणि त्या विद्यार्थ्यावर नको.

एपिसोडमधलं वाक्य कापायचं राहून गेलं, ते तसंच ऐकू येईल. त्यात "कारण"च्या जागी "इतर चार गोष्टींसोबत" असं मनातल्या मनात घालून घ्या.

आणि पॅरामॅट्यात आलात तर कळवा. नदीवर सायकलने चक्कर मारू. माझ्या दाराच्या मागे पाहुण्यांसाठी दोन जास्तीची हेल्मेटं टांगलेली असतात. त्यातलं एक सगळ्यांनाच मोठं होतं.